नाव (ओळखपत्राप्रमाणे)

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातली म्हातारी माणसं अजूनही 'चांद्याला जाऊन येतो' असंच म्हणतात. चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४ च्या सुमारास, म्हणजे साठ वर्षं होऊन गेली. तरी बल्लारशाहकडे जाणारी गाडी आजही 'चांदा फोर्ट' नावाच्या स्टेशनवर थांबते आणि भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना 'ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा'च राहिलाय. दोन्ही नावं सुखाने नांदतात. त्यामुळे कुणाचं पार्सल हरवलं किंवा कुणाचा सातबारा रद्द झाला असं निदान माझ्या तरी कानावर नाही.

मोहर्लीची गंमत आणखी वेगळी. ताडोब्याला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या बहुतेक मंडळींना हे गाव 'गेट' म्हणूनच माहीत असतं. मराठीत ते मोहर्ली, पण इंग्रजी स्पेलिंग मात्र कुठे मोहर्ली तर कुठे मोहुर्ली. आणि आत जंगलात गेलात तर वाघांनासुद्धा दोन-दोन नावं. वनखात्याच्या कागदावर जी टी-१२ होती, ती गाइडच्या तोंडी 'माया' होती. वाघीण एकच. ती एकच आहे हे ठरवायला कॅमेऱ्यात टिपलेले पट्टे पुरतात, कारण दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. नाव बदललं म्हणून वाघीण बदलली, असं वनखातंही म्हणत नाही.

आता माणसांकडे येऊ. ताडोब्याच्या सफारीचं बुकिंग ऑनलाइन होतं. प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा नंबर भरायचा आणि गेटवर तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात दाखवायचं. परवान्यावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं पाहिजे. नियम योग्यच आहे, नाहीतर दलालांनी परवान्यांचा बाजार मांडला असता. तर गेल्या हिवाळ्यात आमच्या टीमने मोहर्लीचा बेत आखला. मी तिकडचा, त्यामुळे सगळी जमवाजमव अर्थातच माझ्याकडे. एक शीट फिरवली, पहिला रकाना 'नाव (ओळखपत्राप्रमाणे)'. दोन दिवसांत सगळ्यांनी भरली. एका सहकारी मैत्रिणीने मात्र स्वतःची ओळ काढून टाकली आणि 'मला नाही जमणार' असं कळवलं.

ती ट्रान्स आहे हे टीमला माहीत होतं. दोन वर्षं सगळे तिला तिच्या नावाने हाक मारतात, कोणाच्या जिभेवर दुसरं नाव येतही नाही. पण तिच्या आधारवर आणि पॅनवर अजून जुनं नाव होतं आणि त्यापुढे 'पुरुष'. जेवणाच्या सुट्टीत सहज विषय निघाला तेव्हा म्हणाली, "मला वाघाची भीती नाही रे. सकाळी साडेपाचला, जिप्सीत बसलेल्या पाच जणांसमोर आणि मागच्या रांगेसमोर, 'हे कार्ड तुमचं कसं?' ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा कंटाळा आलाय."

भीती नाही, कंटाळा. हा शब्द माझ्या डोक्यात बसला. कारण हा प्रश्न तिला फक्त जंगलाच्या गेटवर पडत नाही. बँकेत, विमानतळावर, घर भाड्याने घेताना, नव्या सिमकार्डसाठी, लॅबमध्ये रक्त द्यायला गेल्यावर, सगळीकडे पडतो. आपण ज्या कागदांकडे वर्षातून दोनदा बघतो, ते तिला रोज स्वतःच्या तोंडासमोर धरून उभं राहावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मग बदलून घ्यायचं ना नाव! त्यात काय एवढं?

तेच तर. खरंच काय एवढं? नाव बदलणं ही गोष्ट आपल्याइतकी अंगवळणी पडलेला समाज दुसरा सापडणं कठीण. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची रीत होती, अजूनही बऱ्याच घरांत आहे. कालची सुमन आजपासून मृणालिनी. पाठचं वडिलांचं नाव गेलं, तिथे नवऱ्याचं आलं, आडनाव तर गेलंच. म्हणजे तीन शब्दांच्या नावातले तिन्ही शब्द एका संध्याकाळी बदलले! त्यानंतर रेशनकार्ड, बँक, मतदारयादी, पॅन, सगळीकडे विवाहाचा दाखला दाखवून नाव बदलून मिळतं. हेलपाटे पडतात, नाही असं नाही. पण काउंटरवरचा कारकून 'तुम्हाला खरंच आतून मृणालिनी वाटतं का?' असं विचारत नाही. 'डॉक्टरचं पत्र आणा' म्हणत नाही. त्याला एवढंच बघायचं असतं की पूर्वीची सुमन आणि समोर उभी असलेली मृणालिनी ही एकच बाई आहे ना. आहे? मग सही करा.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. ओळखपत्राचं काम एकच: 'हा तोच माणूस आहे का?' ह्या प्रश्नाचं उत्तर देणं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक नोंदीला एक प्रायमरी की असते, जी बदलत नाही. नाव, पत्ता, फोन, लिंग हे सगळे त्या नोंदीचे गुण. ते बदलू शकतात. बदल कोणी, कधी आणि कुठल्या कागदाच्या आधारावर केला ह्याची नोंद मागे ठेवली की झालं. आधारचा नंबर, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं हे आपले वाघाचे पट्टे. ते तेच राहतात. ट्रान्स माणूस काउंटरवर गेला की मात्र यंत्रणा एकदम प्रश्नच बदलते. 'तू तोच आहेस का' हे बाजूला राहतं आणि 'तू म्हणतोस तो तू आहेस का' ह्याची उलटतपासणी सुरू होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागद देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर देणं कुठल्याच कारकुनाच्या आवाक्यातलं नाही.

कायद्याने हे ओळखलं होतं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने 'नाल्सा' खटल्याचा निकाल दिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्या खटल्यात सामील होत्या. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री ह्यांनी सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे. इतकं स्वच्छ.

मग २०१९ साली संसदेने कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नियम आले. त्या कायद्याने जिना दोन पायऱ्यांचा केला. पहिली पायरी: जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून 'ट्रान्सजेंडर' असं ओळख प्रमाणपत्र घ्यायचं. दुसरी पायरी: कागदावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल तर शस्त्रक्रिया, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचं प्रमाणपत्र आणि पुन्हा जिल्हाधिकारी. नियमांत चांगल्या गोष्टीही होत्या. पहिल्या पायरीला शारीरिक तपासणी नको, प्रतिज्ञापत्र पुरे. ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. ते दाखवल्यावर बाकीच्या कार्यालयांनी १५ दिवसांत आपापली नोंद बदलायची. (कलमं आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज करणाऱ्याने त्या दिवशी लागू असलेले नियम वाचावेत. मी २०१९-२० चा आराखडा घेतलाय, कारण गोची कुठे होते ते त्यात छान दिसतं.)

आता गोची बघा. आधारने २०१९ मध्येच मर्यादा घालून ठेवली होती: नाव आयुष्यात दोनदा बदलता येईल, लिंग एकदाच. त्यापलीकडे जायचं तर विभागीय कार्यालयाकडे खास विनंती. म्हणजे एका मंत्रालयाचा कायदा सांगतो की पहिल्यांदा 'ट्रान्सजेंडर' व्हा, मग 'स्त्री' व्हा, हे झाले दोन बदल. आणि ज्या डेटाबेसमध्ये हे बदल उतरायचे तो म्हणतो, एकदाच. दोन मॉड्यूल दोन टीमनी लिहिली, दोन्ही आपापल्या जागी चालतात, एकत्र मात्र कोणी चालवून पाहिली नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी कधी रिलीजच्या आदल्या रात्री जागरण केलंय त्यांना हा प्रकार नवा नाही. फरक इतकाच, की इथे बग फाइल करायला माणसाला वकील करावा लागतो.

पॅनचं उदाहरण तर अभ्यासक्रमात लावावं असं. आधारमध्ये तिसरा पर्याय पहिल्यापासून होता. पॅनच्या अर्जात मात्र 'स्त्री' आणि 'पुरुष' एवढंच. २०१७ मध्ये आधार-पॅन जोडणी सक्तीची झाली आणि जोडणीला दोन्हीकडची माहिती जुळायला हवी होती. आता ज्याने आधारमध्ये प्रामाणिकपणे 'ट्रान्सजेंडर' लिहिलं, त्याचं पॅन जुळणार कसं? जो खरं बोलला तोच अडकला! पाटण्याच्या रेश्मा प्रसाद ह्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. शेवटी एप्रिल २०१८ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने पॅनच्या अर्जात तिसरा पर्याय घातला.

आणि लांब कशाला जायचं, आपल्याच राज्यात बघा. २०२२ च्या पोलिस भरतीत ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते. भरतीसाठी वर्षभर पळण्याचा सराव केलेल्या उमेदवारांना अर्जाच्या पहिल्याच पानावर थांबावं लागलं. प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेलं. न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय द्या म्हणून सांगितलं, तर राज्य सरकार अडचणी सांगत उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता ह्यांच्या खंडपीठासमोर सरकारने अखेर वेबसाइटवर पर्याय द्यायचं कबूल केलं, आणि शारीरिक चाचणीचे निकष फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत ठरवावेत असं न्यायालयाने सांगितलं. निकष ठरवायला वेळ लागतो, हे मान्य. पण ड्रॉपडाउनमधल्या एका ओळीसाठी मुख्य न्यायमूर्तींपर्यंत जावं लागलं! ती ओळ लिहायला आपल्या टीममधल्या नव्या मुलाला किती वेळ लागेल, ते तुम्हीच सांगा.

शिक्षणाच्या कागदांचंही तेच. आपल्याकडे सगळ्या कागदांचं मूळ म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. शाळा सुटल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद लेखनातली चूक सोडून बदलायची नाही, असा शाळांचा शिरस्ता. मग पदवीवर एक नाव, आधारवर दुसरं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न: 'ही डिग्री कोणाची?' टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका माजी विद्यार्थ्याची अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात होती. २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले ह्यांच्या खंडपीठाने सांगितलं की शिक्षणसंस्थांनी नाव आणि लिंग बदलाचा अर्ज आपल्या वेबसाइटवरच ठेवावा. साधी गोष्ट आहे. अर्ज वेबसाइटवर असला की निदान आपण पहिलेच नाही एवढं तरी कळतं.

आता दुसरी बाजू. मी ज्या-ज्या मित्रांशी ह्यावर बोललो त्यांचे दोन आक्षेप हमखास असतात आणि दोन्ही टाकाऊ नाहीत.

पहिला, उद्या कोणीही कर्ज बुडवून, गुन्हा करून नाव बदलेल. बरोबर, पण तो आजही बदलू शकतो. राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलायची सोय सगळ्यांना वर्षानुवर्षं आहे, आणि तिथे जुनं नाव नव्या नावाशेजारीच छापलं जातं. पॅन नंबर तोच राहतो, आधार नंबर तोच राहतो, बोटांचे ठसे तेच राहतात. कर्ज त्या नंबरवर असतं. बँका इतक्या भोळ्या नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: आरक्षणाचं काय? स्त्रियांसाठी राखीव जागांवर कोणीही येऊन बसेल. ह्याचं उत्तर जळगाव जिल्ह्यात मिळालंय. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत अंजली पाटील ह्यांनी महिलांसाठी राखीव वॉर्डातून अर्ज भरला आणि छाननीत तो बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या न्या. रवींद्र घुगे ह्यांनी तो निर्णय फिरवला. अंजली पाटील ह्यांनी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे आणि पुढे फायद्यासाठी ती पुन्हा बदलणार नाही, हे त्यांचं म्हणणं न्यायालयाने नोंदवून घेतलं. त्या उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. म्हणजे गैरफायद्याची भीती असेल तर आयुष्यभर बांधून ठेवणारं लेखी म्हणणं घ्या, खोटं निघालं तर कारवाई करा. खोट्या जातीच्या दाखल्यांचं आपण हेच करतो. खोटे दाखले निघतात म्हणून खऱ्यांना दाखला द्यायचाच नाही, असं कोणी म्हणत नाही. आणि गावाचं म्हणाल, तर ज्या गावाने अंजलीताईंना मतं दिली त्याला त्या कोण आहेत ते छाननीच्या टेबलापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

हे सगळं मुंबई-पुण्यात बसून बोलणं सोपं आहे. आमची मैत्रीण शिकलेली, पगारदार, वकील परवडणारी, आणि तरीही तिची दोन वर्षं ह्यात गेली. आता समजा मोहर्लीसारख्या गावातल्या कोणाला हेच करायचंय. तिथे कमाई पर्यटनाची. गाइड व्हायचं, जिप्सी चालवायची, रिसॉर्टमध्ये लागायचं, सगळ्याला ओळखपत्र, लायसन, बँक खातं. तहसील भद्रावतीला, जिल्हाधिकारी चंद्रपूरला. प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडते, आणि गाव एवढंसं की 'कशाला गेली होतीस?' हे संध्याकाळी चार जण विचारतात. बरं, २०२० च्या नियमांप्रमाणे अर्जाआधी त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहिलेलं असावं लागायचं. ज्यांना घरातून हाकललं जातं ती मुलं एका जागी बारा महिने राहतात कुठे? ज्याला कागदाची सर्वांत जास्त गरज, तोच अटीत बसत नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात 'इतर' ह्या रकान्यात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसं मोजली गेली. ह्यातल्या किती जणांच्या खिशातलं कार्ड त्यांच्या तोंडाशी जुळत असेल?

आणि 'सगळीकडे बदल करणं शक्य नाही हो' हे मला सांगू नका. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. जन्मदाखला, शाळेचा दाखला, सातबारा, पगाराची कागदपत्रं, सगळ्यांचे रकाने बदलायचे ठरले. अख्ख्या राज्याचा स्कीमा एका निर्णयाने बदलला आणि कोणी आडवं पडलं नाही. चांगला निर्णय होता. नावाचा रकाना दगडात कोरलेला नसतो, हे सरकारलाही माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच. कुठल्याही एका कार्यालयाने 'हा तोच माणूस आहे' हे एकदा तपासावं, त्याच्या स्वतःच्या शब्दावर नाव आणि लिंग बदलावं, आणि तो बदल नंबराच्या आधाराने बाकी सगळीकडे आपोआप जावा. पत्ता एका ठिकाणी बदलला की चार ठिकाणी पोचावा म्हणून आपण डिजिलॉकरसारख्या गोष्टी केल्या, मग हे का नाही? आणि जुनं नाव यंत्रणेच्या पोटात, ज्याला कायद्याने बघायचा अधिकार आहे त्यालाच दिसेल असं राहावं. 'पूर्वीचे नाव' म्हणून प्रत्येक कागदावर ते छापायचं असेल तर बदलून उपयोग काय?

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात काय आहे ते बघा, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण कुठलातरी फॉर्म बनवून पोट भरतात. पुढच्या वेळी लिंगाचा रकाना घालण्यापूर्वी विचारा, ह्या माहितीचं आपण नक्की करणार काय? पिझ्झा घरी पोचवायला ती लागत नाही. लागतच असेल तर दोनच पर्यायांवर थांबू नका. नावाचा रकाना नंतर बदलता येईल असा ठेवा. ईमेल आयडी जन्मनावावरून कायमचा बांधून टाकू नका. पगाराच्या पत्रकावर पॅनचं नाव लागेल, लागू दे. पण ऑफिसच्या आयकार्डावर, चॅटवर, दारावरच्या पाटीवर माणसाचं त्याला हवं ते नाव छापायला जिल्हाधिकाऱ्यांची सही लागत नाही. एचआरला एक मेल पुरते. सोमवारी ऑफिस उघडतंच आहे.